फ्रिजमधला दिवा बदलायचा हक्क ग्राहकाला हवाच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय छोटा वाटेल पण घरोघरचा आहे, फ्रिजमधला दिवा. आमच्या जुन्या फ्रिजमध्ये १५ वॅटचा पिवळा बल्ब होता, बारीक आट्यांचा, ज्याला दुकानात ई१४ म्हणतात. तो गेल्यावर दीड वॅटचा एलईडी बसवला. प्लग काढायचा (नुसतं बटण बंद करून भागवू नका, होल्डरमध्ये २३० व्होल्ट असतात), प्लास्टिकचं कव्हर अंगठ्याने दाबून सोडवायचं, जुना बल्ब फिरवून काढायचा आणि नवा लावायचा, झालं. फक्त नवा बल्ब कव्हरखाली मावतो ना ते विकत घेतानाच बघा, आणि सरकारच्या उजाला योजनेतले मोठे पिनवाले एलईडी बल्ब इथे चालत नाहीत.

आता बिल किती कमी होतं? खरं सांगायचं तर फारसं नाही. दार दिवसभरात मिळून अर्धा तास उघडं राहतं असं धरलं तरी वर्षाला अडीच युनिटच्या आत-बाहेर. खरा फायदा गरमीचा, कारण पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णता होऊन फ्रिजच्या आतच पडते आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसरला राबावं लागतं. आणि दाराचं बटण अडकून दार लावल्यावरही बल्ब पेटताच राहिला तर मग महिन्याला जवळपास ११ युनिट नुसत्या दिव्याचे, वर त्याची उष्णता. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा, दार लावा, नंतर बघा, दिवा विझतो की नाही लगेच कळतं.

पण माझी तक्रार वेगळीच आहे. नव्या फ्रिजमध्ये एलईडी आधीच असतो, चांगलं आहे, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तो बल्ब नसून पट्टी असते, आतल्या बोर्डावरून कमी व्होल्टेजवर चालणारी, आणि बाजारातला बल्ब तिच्या जागी बसतच नाही. शेजारच्या काकूंच्या फ्रिजची पट्टी गेली, तर माणूस घरी येण्याचे वेगळे पैसे, पट्टीचे वेगळे, आणि एवढं करून पार्ट मागवावा लागेल म्हणे! तोवर त्या बिचाऱ्या रात्री टॉर्च घेऊन दूध शोधतायत. पूर्वी हेच काम कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पाच मिनिटांत व्हायचं, ही काय प्रगती झाली?

युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे की फ्रिजचा दिवा, थर्मोस्टॅट, सेन्सर हे पार्ट त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही किमान ७ वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय, त्यात घरगुती उपकरणंही येतात. मग प्रत्येक मॉडेलच्या दिव्याचा पार्ट नंबर आणि किंमत तिथे टाकायला कंपन्यांना भाग का पाडत नाहीत? आणि दिव्याची पट्टी बाहेरून खटकन काढता-लावता येईल अशीच बसवायची, हेही सक्तीचं करा. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापतातच, त्याच्याच खाली "दिवा ग्राहक स्वतः बदलू शकतो / शकत नाही" एवढी एक ओळ छापली तर फ्रिज घेतानाच माणसाला कळेल. मुंबई ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यावा अशी मनापासून विनंती.

– एक वाचक, डोंबिवली