आरओचं पाणी आणि माझ्या सात मोली

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरच्या मत्स्यटाकीवर लेख आला आहे. त्यात ‘शक्यतो आरओचंच पाणी वापरावं’ असं वाक्य आहे. ते वाचून राहवलं नाही, कारण हाच सल्ला ऐकून दोन वर्षांपूर्वी मी मोली जातीचे सात मासे गमावले.

आमच्या सोसायटीत पिण्यापुरतं महापालिकेचं पाणी आणि वापरायला बोअरचं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरी पुटं धरतात. जे आपल्याला नको ते माशांना कशाला, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी कळशी-कळशीने टाकीत भरलं. आठवड्याभरात मोली पर मिटून जागच्या जागी डुलायला लागल्या. दुकानदाराने औषधाची बाटली दिली. रोग नव्हताच. मोली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, क्षारांच्या पाण्यात रमणारी. तिला मी जवळजवळ पावसाच्या पाण्यात कोंडलं होतं!

मग पाण्याचा कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट आणलं. 5 मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचे. एक थेंब म्हणजे कठीणपणाचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा, एक अंश, लिटरला साधारण 18 मिलिग्रॅम. बोअरच्या पाण्याला 22 थेंब लागले, महापालिकेच्या पाण्याला 3, आरओच्या पाण्याचा रंग पहिल्याच थेंबाला पालटला. किटात दुसरी बाटली असते ती कार्बोनेटची, आणि खरी मेख तिथे आहे. माशांच्या घाणीवर जगणारे जिवाणू टाकीत सतत थोडं आम्ल तयार करतात. ते झेलायला कार्बोनेट लागतं. आरओच्या पाण्यात ते नसल्यातच जमा, त्यामुळे पीएच अचानक घसरू शकतो.

लेखात टीडीएस मीटरची, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या मीटरची, शिफारस आहे, तीही अर्धवट. गेल्या वर्षी सोसायटीने बोअरला सॉफ्टनर बसवला. मीटरवर आधी 620 होतं, नंतरही तेवढंच. थेंब मात्र 22 वरून 2 वर आले. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो आणि मीटरला त्यातला फरक कळत नाही. असं पाणीही मोलीला उपयोगाचं नाही. मी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी धरते, त्यात क्लोरीन घालवलेलं महापालिकेचं पाणी निम्मंनिम्म मिसळते. 12-13 थेंब येतात. मोली-गप्पींना ते मानवतं. पुतण्याच्या टाकीत कमी क्षारांच्या पाण्यात रमणारे टेट्रा मासे आहेत, म्हणून तो एक भाग बोअर आणि तीन भाग महापालिकेचं घेतो. डिस्कस मासे पाळणाऱ्यांना आरओ लागेल, पण त्यांनाही थोडे क्षार परत घालावेच लागतात.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. तेवढी भर मात्र मी महापालिकेच्याच पाण्याची घालते, नाहीतर मे महिन्यात थेंब वीसच्या पुढे जातात.

पुढच्या रविवारी ‘कोणता मासा, किती थेंब’ एवढा एक तक्ता छापता आला तर पाहावं.

एक निवृत्त शिक्षिका,
धायरी, पुणे