बाईंचं नाव यादीत नाही

इंदूर,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय मिनू,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मी आधी रडणार आणि सांगायचं राहून जाणार. म्हणून कागद घेतला. आमचं ठीक आहे. ह्यांची शुगर आटोक्यात, माझी पाठ आहे तशीच.

आपल्या शाळेच्या बाईंकडची कुत्र्याची पिल्लं गेली. चारही. पार्व्होनं, कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या विषाणूनं.

रिंग रोडच्या कडेला त्यांची आई गाडीखाली आली होती आणि ही चार तिला बिलगून बसलेली. बाईंनी पदरात घेतली, म्हणजे खरोखरच पदरात घालून रिक्षानं घरी आणली. मग नेहमीचं सुरू झालं: रात्री उठून भरवणं, ओल्या कापसानं पुसून शी-शू करवणं, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना देतात. त्याच्या आतच एकानं खाणं सोडलं. उलट्या झाल्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास तुला सांगायला नको. डॉक्टरांनी सलाईन लावलं, बाई रात्ररात्र बसल्या, पण एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जातं ते भरून निघतच नाही. तांबडी सगळ्यात शेवटी गेली. ती सावरतेय असं डॉक्टरांनाही वाटत होतं.

मी गेले तेव्हा बाई अंगणात ब्लीचचं पाणी टाकत होत्या. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे. फिनाइलवर ह्या विषाणूच्या बाबतीत विसंबायचं नाही, हे त्यांनी मला त्याही अवस्थेत समजावलं, वर्गात सांगायच्या तसं, दोनदा. हातांची कातडी पार सोलवटली होती. ओट्यावर वही उघडी होती. रोज सकाळचं वजन, ग्रॅममध्ये, लाल शाईनं, चार रकाने. आपल्या गुणपत्रकावर असायचं तेच अक्षर. प्रत्येक रकाना वेगवेगळ्या ओळीवर थांबलेला. मी वही मिटायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गं, अजून तारीख घालायची आहे."

आता मला जे आतून कुरतडतंय ते ऐक.

ह्या वर्षी आम्ही फोस्टरवाल्यांसाठी, म्हणजे बेवारस पिल्लं चांगलं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळणाऱ्यांसाठी, दिवाळीचे हॅम्पर करतोय, वसुबारसेला वाटायचे. गाय-वासराच्या पूजेचा दिवस, म्हणजे लेकुरवाळ्या जनावराचा मान. मीच सुचवला तो दिवस, आणि सगळ्यांना पटला. लोकांनी मनापासून दिलंय. सियागंजातल्या एका दुकानदारानं सुकामेव्याची पाकिटं दिली, क्लॉथ मार्केटमधून डाग पडलेल्या चादरींचा गठ्ठा आला, रामबागेतल्या बायकांनी चकली-शेवेची जबाबदारी घेतली. माझा हॉल सध्या गोडाऊन झालाय. तू असतीस तर बरं झालं असतं. रिबिनीची गाठ तुझ्याएवढी घट्ट कुणाची बसत नाही. गॅदरिंगचं बक्षीस शेवटी पाहुण्यांना दातांनी सोडवावं लागलं होतं, ते काही मी विसरणार नाही!

देणाऱ्यांना माहीत नसतं म्हणून एकेक वस्तू मीच निवडतेय. किसमिस कुत्र्याला विषारी, मूत्रपिंडं जातात, तेव्हा पिल्लं असलेल्या घरच्या पाकिटांतून ती काढली. चॉकलेट बाजूला ठेवलं. कुणी फुलांबरोबर लिली पाठवली होती. मांजर असलेल्या घरात लिलीचा परागसुद्धा नको, तेव्हा तो गुच्छ माझ्याच देवघरात गेला. दुधाच्या पावडरीचे डबेही खूप आले, पण आईविना पिल्लांना गाईचं दूध बाधतं, जुलाब लागतात. ते चहासाठी म्हणून सांगून द्यायचे.

आणि मिनू, बहुतेक सगळं आलंय ते जनावरांसाठीच. बिस्किटं, खेळणी, पट्टे. रात्री दोन-तीन तासांनी उठणाऱ्या माणसासाठी काय? विजयनगरचा तो मुलगा, बाटलीवरच्या मांजरीच्या पिल्लांना सांभाळणारा, गेल्या भाऊबीजेला देवासला बहिणीकडेसुद्धा जाऊ शकला नाही. म्हणून मी फराळाचा डबा, चांगला थर्मास, हाताला लावायचं क्रीम आणि एक चिठ्ठी असं ठरवलं. चिठ्ठीवर लिहायचं: एक रात्र तुमची पिल्लं आम्ही सांभाळू, तुम्ही झोपा नाहीतर घरी जाऊन या. ज्या चार बायका त्या रात्री जागायला तयार आहेत त्यांची नावंही मिळाली. एवढ्या सामानात ही चिठ्ठी मला सगळ्यात मोलाची वाटते.

एक कंपनी मोठी रक्कम देत होती, पण प्रत्येक फोस्टरच्या दारात बॅनर धरून फोटो हवा म्हणाली. मी नाही म्हटलं. घर ओळखू आलं की दुसऱ्या दिवशी फाटकाशी पोत्यात बांधलेली पिल्लं सापडतात. शिवाय दोघी-तिघी भाड्यानं राहतात आणि घरमालकाला सगळं सांगितलेलं नसतं. ह्यावरून ग्रुपवर बरीच वादावादी झाली. होऊ दे.

खरा वाद यादीवरून आहे. ठरलं काय, तर ज्यांच्याकडे आज जनावर आहे त्यांनाच हॅम्पर. सामान मोजकं आहे, काहीतरी नियम लागतो, हे मला कळतं. पण त्या नियमानं बाईंचं नाव गेलं. "त्यांच्याकडे आता कुणी नाही ना," असं एकजण अगदी साधेपणानं म्हणाली. माझ्या घशाशी आलं. अगं, पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. बाईंच्या घराला अंगण आहे, पेरू आहे, ती माती ब्लीचनं कशी धुणार? म्हणून त्यांनी स्वतःहून सांगितलंय की लस न झालेलं पिल्लू सध्या माझ्याकडे पाठवू नका. म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालत नाहीत म्हणून त्या पुढच्या दिवाळीलाही यादीत नसणार! ज्यांची पिल्लं वाढली, चांगल्या घरी गेली, त्यांचं कौतुक सगळे करतात. ज्यांनी चार वेळा खड्डा खणला त्यांच्या दारी कुणी जायचं?

ढब्बू गेला तेव्हाचं तुला आठवतंय ना? त्याला तुझ्या घरी न्यायचं की बाईंकडे, ह्यावरून आपण वाड्याच्या जिन्यात किती भांडलो. तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस. बाईंकडेच ठेवला ते योग्यच झालं असं मी आजही म्हणेन, तू कितीही डोळे वटार. पण तो गेल्यावर तुझ्या घरी कोण आलं होतं? बाई. हातात पोह्यांचा डबा घेऊन. "मुलगी जेवली का?" एवढंच तुझ्या आईला विचारलं आणि तुझ्याशेजारी बसून राहिल्या. घरचे सगळे "कुत्र्यासाठी काय एवढं" म्हणत होते, आणि त्या एकट्या तसं म्हणाल्या नाहीत.

म्हणून मी ठरवलंय. बाईंचं नाव यादीत सगळ्यात वर लिहिणार, आणि ज्यांची पिल्लं ह्या वर्षी गेली त्या सगळ्यांची त्यांच्याखाली. सामान कमी पडलं तर मी माझ्या घरच्या फराळातून भरीन. ग्रुपवर आज रात्री सांगते, मग ज्याला जे बोलायचं ते बोलू दे.

पण डब्यात काय घालू, इथे अडलेय. भाजणीची चकली आणि क्रीम नक्की. बिस्किटं-पट्टे मुळीच नाहीत. आणि लाल रिफिलचं पाकीट घेऊन ठेवलंय. द्यावं असं फार वाटतं. कधीतरी त्या पुन्हा वजनं लिहितील म्हणून. पण आत्ता ते पाहून त्यांना काय वाटेल? ह्यांना विचारलं तर म्हणाले, दे की, पेनच आहे. तू सांग. तुझ्याइतकं बाईंचं मन मला कळत नाही, हे मी खरंच म्हणतेय.

तुझं नवीन घर लागलं का? सासूबाईंचा गुडघा कसा आहे? लेकीचा निकाल फोटोतून पाहिला, तिला माझा शाबासकीचा धपाटा दे.

आणि बाईंना तू स्वतः चार ओळी लिही. ढब्बूबद्दल लिहिलंस तरी चालेल. माझ्या पत्त्यावर स्पीड पोस्टनं टाक, मी त्यांच्या डब्यातच ठेवीन. रिफिलचं मात्र पत्राची वाट न पाहता फोन करून कळव, आणि तुझ्या आईच्या भाजणीत धणे किती घालतात तेही विचारून ठेव.

तुझी,
सुमी