मा. वनमंत्र्यांना खुले पत्र: कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा पट्टा) पाडण्याआधी त्यातले अन्न मोजा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

गडचिरोलीच्या गोंड गावांत आषाढ-श्रावण फार कठीण जातात. रोवणी सुरू असते, कोठीतले जुने धान संपत आलेले असते आणि नवे घरात यायला दिवाळी उजाडते. त्या दिवसांत जंगल घर चालवते. बांबूचे कोवळे वास्ते, वारुळावरच्या सात्या (अळंबी), कंद, रानभाज्या आणि उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहफुले. मोहाच्या बियांचे तेल तर कित्येक घरांत वर्षभराचे.

हे सारे मिश्र जंगलाचे देणे आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने असेच जंगल तोडून सागवान लावले. तोडीत मोहाची आणि चाराची (चारोळीची) झाडे राखली, तरी बांबू, वेली आणि सावलीतले कंद जातात. सागाच्या रांगांतून बाईने टोपली घेऊन फिरावे तरी काय वेचायला?

आणि साहेब, ही हानी सरकारी अहवालात दिसतच नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन. झाड कोणते, हे विचारले जात नाही. मिश्र जंगल गेले, साग वाढला, आकडा तोच. ताटातली भाजी मात्र गेलेली असते.

रेशन आहे, आणि ते हवेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. पण गरोदर बाईला आणि रांगत्या लेकराला नुसता भात पुरत नाही. कुपोषणाच्या बैठकांना महिला व बालविकास खाते असते, आरोग्य खाते असते. वनखात्यालाही तिथे उत्तरदायी धरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (मोह, तेंदू, बांबू अशा जंगलातल्या उत्पन्नाची) मालकी आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार गावांना दिला. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. म्हणून मागणी अशी: कुठलाही कूप तोडण्याआधी त्यातून गावाला कोणत्या महिन्यात काय खायला मिळते याची यादी ग्रामसभेसोबत, विशेषतः बायकांना विचारून, तयार व्हावी. ग्रामसभेने नाही म्हटले, तर तोड थांबावी. भरपाई वनीकरणाचा (गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडे लावण्याचा) पैसा सागाऐवजी मोह, चार, तेंदू, आवळा, बांबू यांवर खर्च व्हावा. येत्या हंगामाच्या कूपतोडीचा आराखडा मराठी आणि गोंडीत गावोगाव वाचून दाखवण्याचे आदेश आपण आताच द्यावेत.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातील एक नागरिक