प्रवाळाचा विमा आणि मे महिन्यातला बोटवाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवणच्या प्रवाळासाठी मेक्सिकोसारखा विमा काढा, असं सुचवणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकाला अजून नाशिकचा द्राक्षबागायतदार भेटलेला दिसत नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा काय चीज आहे, हे निफाड-दिंडोरीत कोणाला शिकवावं लागत नाही. पाऊस बागेत पडतो, मोजला जातो महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर. मेक्सिकोचा विमाही त्याच जातीचा. किंताना रो राज्याच्या किनाऱ्यासाठी 2019 साली तो काढला; वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला की पंचनाम्याशिवाय पैसे. ऑक्टोबर 2020 मधल्या डेल्टा वादळानंतर ते मिळाले आणि प्रशिक्षित पथकांनी तुटलेले तुकडे गोळा करून पुन्हा चिकटवले. उत्तम. पण तिथे नुकसान वादळाने केलं होतं.

मालवणात वादळ कधीतरी येतं, उन्हाळा दरवर्षी. पाण्याचं तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा 1 अंशाने वर जाऊन महिनाभर टिकलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. इथे चिकटवणार काय? पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतं. तोवर त्याच्यावर गाळ, पाय आणि नांगर पडू नयेत, एवढंच करायचं असतं. आणि आपला समुद्र सर्वांत तापतो एप्रिल-मेमध्ये, नेमका शाळांना सुट्टी लागून नाशिकच्या गाड्या तारकर्लीकडे निघतात तेव्हा.

विमा काढायचाच असेल तर ट्रिगर, म्हणजे पैसे सुटायची अट, वाऱ्याचा नको, पाण्याच्या तापमानाचा ठेवा. आणि भरपाई बोटवाल्याच्या व स्नॉर्केलिंग करवणाऱ्या पोरांच्या खात्यात जाऊ द्या, तेवढे आठवडे जागा बंद ठेवल्याची मजुरी म्हणून. त्यांचा मे बुडाला तर 1 जूनपासून मासेमारी बंदी, मग पावसाळा; पर्यटकांची कमाई थेट ऑक्टोबरात. फुकटात कोण थांबेल? तापमापक मात्र प्रवाळाशेजारी, त्याच खोलीवर बांधा. उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा वरचा पापुद्रा. नाहीतर आमच्या मंडळाच्या केंद्राची गत!

नांगराबद्दल लेखात एक ओळ नाही. नांगर टाकायचा नसेल तर बोट बांधायला कायमचा बोया लागतो. तो बसवायला अनुदान मिळतं, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. पुढे त्याच्याकडे कोणी बघत नाही. वाळूत काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, मग दोर, वर बोया. साखळी लांब ठेवली तर ओहोटीला सैल पडून तळावर गोल फिरते आणि भोवतालचं सगळं खरवडून काढते. म्हणून साखळी आखूड, आणि दोर तळापासून उचलून धरायला मध्ये एक छोटा बोया. शॅकल, म्हणजे साखळी जोडायची कडी, स्टेनलेसचं आणि साखळी जस्त चढवलेली असली, तर खाऱ्या पाण्यात साखळी आधी खाल्ली जाते. शॅकलची पिन तारेने बांधली नाही तर लाटांच्या हिसक्यांनी फिरत फिरत निघते. बोयावर कालवं चढली की तो जड होऊन बुडतो. दर दोन-तीन महिन्यांनी पाणबुड्या खाली पाठवायचा, मेअखेर वरचा भाग काढून ठेवायचा, पावसाळ्यानंतर पुन्हा जोडायचा. हे दरवर्षीचं काम, आणि प्रकल्पाला तर मुदत असते. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाने नांगर टाकण्यावर बंदी घातली आणि 1992 मध्ये पाणबुड्या पर्यटकांकडून 10 डॉलर घेऊन बिल्ला द्यायला सुरुवात केली. तो पैसा सागरी उद्यानाच्याच कामाला लागायचा. मालवणात पर्यटक तसेही पैसे मोजतातच. प्रत्येक पावतीतला ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात टाका आणि त्यावर बोटवाल्यांच्या समितीची सही ठेवा.

जाता जाता तुमच्या पर्यटन पुरवणीविषयी. कमरेइतक्या पाण्यात एक गृहस्थ ‘खडकावर’ उभे राहून दोन्ही हात उंचावताहेत. फोटो धूसर आहे, तरी ते पोराइटिस प्रवाळ असल्याचं ओळखू येतं. ते वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पाठीवर उभे असते, तर ‘सुट्टीची धमाल’ अशी ओळ खाली टाकली असतीत का? दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. मे महिन्यात मालवणला जाणारे संपादकीय पान उघडत नाहीत.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक