लाउंजमध्ये जाऊन बसा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

तिकिटं मेलवर पोचली असतील. बाबांनी एव्हाना त्यांच्या दोन-दोन प्रती काढून एक आईच्या पर्समध्ये सरकवलीही असेल. तिकिटांसोबत तुमच्या दोघांच्या नावाने विमानतळावरच्या लाउंजचे, म्हणजे निवांत बसून खायच्या-प्यायच्या जागेचे, जे पास पाठवलेत, त्यांच्यावरून बाबा फोनवर म्हणाले, "फुकटचं खायला कशाला जायचं? बाहेर खुर्च्या असतात की." तेव्हा मागे टीव्ही जोरात चालू होता आणि आईला व्हीलचेअरचं विचारायचं होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ते फुकट नाही. या पासची वर्षाची फी मी भरली आहे. तुम्ही लाउंजमध्ये गेलात की पास देणारी कंपनी त्या लाउंजला माणशी ठरलेली रक्कम चुकती करते. दारात बोर्डिंग पास आणि फोनमधला क्यूआर कोड असं दोन्ही स्कॅन करतात, ते याच हिशेबासाठी. म्हणजे तुम्ही आत गेलात तर लाउंजवाल्याचा धंदा होतो, आणि संकोचाने बाहेर बसलात तर माझी फी कंपनीच्या खिशात तशीच राहते. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला मी यापुढे काय सांगणार?

आणि "ते मोठ्या लोकांचं असतं" हेही आता जुनं झालं. एके काळी होतं खरं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडमिरल्स क्लब' उघडला. विमान कंपनीने आपल्या प्रवाशांसाठी काढलेलं ते पहिलं लाउंज, आणि कंपनीचं आमंत्रण असेल तरच आत पाऊल ठेवता यायचं. पुढे पैसे भरून सभासद होण्याची सोय झाली. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास निघाला. तिकीट कुठल्या कंपनीचं, कुठल्या वर्गाचं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, पास असला की झालं. तुमचा पासही त्यातलाच. आत सुटाबुटातली माणसंच दिसतील अशी कल्पना करू नका. बुटांच्या नाड्या सोडून पेंगणारी, चार्जर शोधत फिरणारी, पोरांच्या मागे ताट घेऊन धावणारी माणसं असतात. आईच्या साडीकडे ढुंकूनही कोणी बघणार नाही.

मला तुम्ही तिथे बसायला हवे आहात ते चैनीसाठी नाही. मधल्या विमानतळावर सहा-सात तास काढायचे आहेत. बाबांच्या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या आहेत. बाहेरच्या दुकानांत रांग लावायची, ट्रे एका हातात, बॅगा दुसऱ्या हातात, बसायला जागा मिळेल तिथे मिळेल, आणि बाबा किंमत वाचून "मला भूक नाही" म्हणणार. हे मी पाहिलेलं आहे. लाउंजमध्ये ताटात काय घ्यायचं ते डोळ्यांसमोर असतं, किंमत कुठेच लिहिलेली नसते, आणि स्वच्छतागृह हाताशी असतं. आईच्या गुडघ्यांसाठी हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, ती बोलून दाखवणार नाही एवढंच.

आता दारातला प्रसंग, कारण अडतं ते तिथेच. काउंटरवरची मुलगी आधी बोर्डिंग पास मागेल. तो पुढच्या विमानाचा द्या, ज्यातून उतरलात त्याचा नको. मग फोनमधला पास. पास व्यक्तीच्या नावावर असतो, म्हणून दोघांनी आपापला दाखवायचा. बाबांनी एकट्याने पुढे होऊन "दोन माणसं" म्हटलं, तर ती आईला बाबांची पाहुणी म्हणून नोंदवेल, पाहुण्याचे पैसे वेगळे लागतील आणि आईचा पास तसाच राहील. नंतर ती एखादा छोटा पडदा किंवा पावती सही करायला पुढे करते. तिथे 'गेस्ट' या शब्दापुढे शून्य आहे ना, ते चष्मा लावून बघा आणि मगच सही करा. मागे रांग असली तरी. घाई त्यांना असते, आपल्याला नाही.

ती "जागा नाही" असंही म्हणू शकते. गर्दीच्या वेळी लाउंजं पासवाल्यांना थांबवतात आणि विमान कंपनीच्या बिझनेस क्लासवाल्यांना आत घेतात. मलाही एका ठिकाणी दारातूनच परत पाठवलं होतं. त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. किती वेळाने येऊ विचारा, यादीत नाव घेत असतील तर द्या, नाहीतर पासच्या ॲपमध्ये त्याच टर्मिनलचं दुसरं लाउंज आहे का ते पाहा. काही विमानतळांवर याच पासवर लाउंजऐवजी रेस्टॉरंटमध्ये जेवता येतं: माणशी ठरावीक रकमेपर्यंत बिल वजा होतं, वरचं आपण द्यायचं. तसं ॲपमध्ये दिसलं तर ऑर्डर देण्याआधीच पास दाखवा. जेवण झाल्यावर दाखवलेला चालेलच असं नाही.

वेळेचं एक बाबांसाठी खास. अनेक लाउंजं विमान सुटण्याआधी तीन तासांच्या आत आलेल्यांनाच घेतात. तुम्ही नेहमीप्रमाणे पाच तास आधी विमानतळावर हजर झालात तर उरलेले दोन तास बाहेरच्या खुर्च्यांवर काढावे लागतील. मग तुमचंच म्हणणं खरं ठरेल, पण ते आपण नको ठरवूया. मधल्या थांब्याला, दुसरं विमान पकडणाऱ्यांसाठी हा नियम बरेचदा सैल असतो. उतरल्याबरोबर जाऊन विचारा.

लाउंज निवडताना नाव आणि टर्मिनल याहीपेक्षा एक गोष्ट जपा. मधला थांबा युरोपात आहे आणि तुमच्याकडे तिथे बाहेर पडण्याचा व्हिसा नाही. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या काउंटरच्या पलीकडे कितीही चांगलं लाउंज असलं तरी ते आपलं नाही. 'ट्रान्झिट' किंवा 'कनेक्टिंग फ्लाइट्स' लिहिलेल्या बाणांच्या मागे मागे जा. वाटेत पुन्हा सुरक्षा तपासणी झाली तर पाण्याची भरलेली बाटली काढून घेऊ शकतात, म्हणून ती आधीच रिकामी करा आणि लाउंजमध्ये भरून घ्या. औषधं मात्र हातातल्या बॅगेतच, चिठ्ठीसकट.

आत गेलात की दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत बसू नका. तिथे सतत ये-जा असते. थोडं आत जा, भिंतीला प्लग असलेली जागा धरा. एकाने बॅगांपाशी बसायचं, दुसऱ्याने वाढून आणायचं. ताटं उचलायला माणसं असतात. आई, तू उठून टेबल पुसायला लागू नकोस. काही लाउंजमध्ये आंघोळीची सोय असते, रिसेप्शनवर नाव द्यावं लागतं, टॉवेल तेच देतात. रात्रभरच्या प्रवासानंतर तुला ते बुफेपेक्षा जास्त आवडेल, माझी पैज. आणि डब्यात भरून बाहेर काही न्यायचं नाही, फळ किंवा बिस्किटसुद्धा नाही. बहुतेक ठिकाणी तसा नियमच असतो. पोट भरेल इतकं घ्या, "पैसे भरलेत ना" म्हणून तीन ताटं घेऊ नका. हे वाक्य बाबांसाठी नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

मला खरी काळजी एकाच गोष्टीची आहे. बऱ्याच लाउंजमध्ये विमानांची घोषणा होत नाही. मऊ खुर्ची, पोटात जेवण, शांतता, आणि बाबांची वामकुक्षी. बोर्डिंग साधारण विमान सुटण्याआधी पाऊण-एक तास सुरू होतं आणि गेट सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं. तिकिटावर छापलेली वेळ विमान सुटण्याची असते, ती गेटवर पोचण्याची धरू नका. लाउंजमध्ये शिरताना आधी पडद्यावर गेट नंबर बघा, तासाभराने परत बघा, कारण गेट बदलतं. मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला आतली ट्रेनसुद्धा असते. तुमच्या दोघांच्या फोनमध्ये मी सुटण्याच्या दीड तास आधीचा गजर लावायला सांगणार आहे. लावताना तिथली स्थानिक वेळ धरा, बाबांच्या घड्याळातली घरची वेळ नको.

आईने विचारलेल्या व्हीलचेअरचं झालं आहे. ४८ तास आधी कळवायचं असतं, ते मी तिकीट काढतानाच कळवलं. याचे वेगळे पैसे नाहीत, आणि घेतली म्हणून आजारी ठरत नाही कोणी. पण ढकलणारा माणूस त्याच्या सवयीने तुम्हाला थेट गेटवर नेऊन सोडेल. त्याला आधीच लाउंजचं नाव दाखवा आणि परत न्यायला कोण, किती वाजता येणार ते विचारून कागदावर लिहून घ्या. ठरलेल्या वेळी कोणी आलं नाही तर लाउंजच्या रिसेप्शनवरून फोन करायला सांगा. सांगा, विनंती करत बसू नका.

विमान लांबलं तर? तिथेही जेवणाचा हक्क आहे आणि तो पासवर अवलंबून नाही. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम तिथल्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांना लागू आहे, कंपनी कुठल्याही देशाची असो. तुमच्यासारख्या साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वाट पाहण्याच्या वेळेला साजेसं खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं, हवामान खराब असलं तरीही. त्याच नियमात दोन फोन, टेलेक्स किंवा फॅक्स फुकट करू द्यावेत असंही लिहिलंय. बाबा, टेलेक्स! तुम्ही काउंटरवर मागून बघाच एकदा. गंमत सोडा, पण जेवणाची कुपनं आपणहून कोणी हातात आणून देईलच असं नाही. कंपनीच्या काउंटरवर जाऊन मागायची.

विमानातल्या जेवणाबद्दल आईची तक्रार असते की चवच नसते. त्यात स्वयंपाक्याचा दोष अर्धाच. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो, हवा फार कोरडी असते, नाक सुकतं आणि खारट-गोड कमी जाणवतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी जुन्या विमानाचा तुकडा कमी दाबाच्या खोलीत ठेवून, त्यात माणसं बसवून हे तपासलं होतं. म्हणून माझं म्हणणं, नीट जेवण जमिनीवर लाउंजमध्ये करा आणि विमानात शक्य तितकं झोपा.

तरीही विमानातलं एक जेवण नोंदवून ठेवायला हवं. नेहमीच्या ताटाऐवजी हवं ते आधी सांगता येतं आणि त्यांचे ठरलेले संकेत असतात: मधुमेहींसाठी डीबीएमएल, कमी मिठाचं एलएसएमएल, मसाल्याचं शाकाहारी एव्हीएमएल. याचे बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत, पण निदान एक-दोन दिवस आधी कळवावं लागतं. असे ट्रे बहुतेक वेळा इतरांच्या आधी येतात, म्हणजे बाबांचं गोळीचं गणितही सुटतं. दुसरं विमान वेगळी कंपनी उडवते आहे, म्हणून दोन्ही कंपन्यांकडे मी स्वतंत्र नोंद करते. विमानात शिरल्यावर तुमच्या रांगेच्या मुलीला एकदा सांगून ठेवा, जागा बदलली तर ट्रे जुन्या जागेवर जातो.

बाबांसाठी मधुमेहींचं जेवण मी ठरवून टाकलंय, त्यावर चर्चा नको. आई, तुझं अडलंय. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय आणि तुला हवंय मसाल्याचं शाकाहारी, आणि एका प्रवाशाला साधारणपणे एकच प्रकार मागता येतो. कमी मिठाच्या ताटात मांसही येऊ शकतं, म्हणून नुसतं ते नोंदवून चालणार नाही. कंपनीला फोन करून कमी मिठाचं शाकाहारी देता येतं का ते मी विचारते. नाही म्हणाले तर काय नोंदवू, ते येत्या रविवारच्या फोनपर्यंत ठरवून ठेव. बाबांना विचारू नकोस, ते "काहीही चालेल" म्हणतील.

तुमची,
मनू