फाईल आता तुझ्याकडे

येळ्ळूर, ता. बेळगाव
१७ ऑगस्ट २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्यात पोचलास, हॉस्टेलला खोली मिळाली, मेसचं जेवण बरं आहे, एवढं फोनवर कळलं. बेळगावच्या स्टँडवर तुझ्या बॅगेत दवाखान्याच्या कागदांची ती निळी फाईल वरच ठेवली आणि "सवडीनं बघ" म्हणालो. बोलायचं बरंच होतं. पण शेजारी आई डोळे पुसत उभी होती, आणि हा विषय तुझ्यासमोर काढायला मला इतक्या वर्षांत कधी धड जमलंच नाही. आज रविवार, कारखान्याला सुट्टी आहे, बाहेर पाऊस लागलाय. म्हणून लिहायला बसलो.

तुला आम्ही आजवर सांगत आलो की तान्हा असताना लघवीच्या जागी एक छोटं ऑपरेशन झालं आणि तू बरा झालास. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं तुला आता कळायलाच हवं. मे महिन्यात तू अठरा पूर्ण केलीस. लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, यापुढे याला मोठ्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे न्या. शाळेत तपासणीला सरकारी गाडी यायची, तिचंही काम अठरा वर्षांपर्यंतच असतं. म्हणजे इथून पुढे तुझ्या मागे लागून तपासणारं कुणी नाही. तूच आहेस.

२००७ साल. तू नऊ दिवसांचा होतास. आज्जी न्हाणीघरात पाय पसरून बसली होती आणि तुला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. कोमट पाणी अंगावर पडलं की पोरं लांब धार सोडतात, आज्ज्यांची लुगडी भिजतात आणि सगळे हसतात. तुझं मात्र थेंब थेंब गळत होतं. पोट ताशासारखं ताठ. आज्जी तिथूनच ओरडली, "सूनबाई, ह्याला धार न्हाई गं!" आम्हाला वाटलं तान्ह्या पोराचं असंच असेल. ती ऐकेना. बारसं बाजूला ठेवून त्याच दिवशी तुला दुपट्यात गुंडाळून बेळगावला नेलं.

स्कॅनिंग केलं. लघवीची पिशवी जाड झालेली, दोन्ही किडन्या सुजून फुगलेल्या. आधी बारीक नळी घालून तुंबलेली लघवी काढली, मग नळीतून औषध सोडून एक्स-रे काढले. तेव्हा कळलं, लघवीच्या मार्गात एक पातळ पडदा आहे. पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह. डॉक्टर नुसतं पीयूव्ही म्हणतात. हा फक्त मुलग्यांनाच होतो, आणि आईच्या पोटात बाळाचे अवयव घडत असतानाच तयार होतो.

'व्हॉल्व्ह' म्हटल्यावर मी चमकलो. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिकची कामं करणारा माणूस. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं आणि मला पुढचं सांगावं लागलं नाही. पुढे लाईन तुंबली की प्रेशर मागे येतं, आणि आधी पाईप फुगतो, मग पंप जातो. तुझ्या बाबतीत पंप म्हणजे किडनी. आणि हे प्रेशर तू जन्मायच्या आधीपासून, कित्येक आठवडे, दोन्ही किडन्यांवर येत होतं.

दुर्बिणीतून तो पडदा जाळला. टाका नाही, जखम नाही. दुसऱ्या दिवशी तुझी पहिली धार सरळ नर्सच्या हातावर गेली. मी व्हरांड्यात उभा राहून रडलो. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो.

इथे थोडं थांबून तुझ्या आईबद्दल सांगतो. दवाखान्यातून घरी आलो आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली, ग्रहणात हिनं विळी धरली असणार. आज्जीसुद्धा एकदा बोलली, जिनं तुला वाचवलं तीच. तुझी आई महिनाभर धड जेवली नाही. ओंकार, ग्रहणाचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. आईच्या खाण्यापिण्यानं, कामानं, विळीनं हा पडदा येत नाही. शंभरात दोन-तीन मुलं कसला ना कसला मोठा दोष घेऊन जन्मतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत नेमकं कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुझ्या मनात कधी असा विचार आलाच, तर आईसमोर तो बोलू नकोस. तिनं तो पुरेसा भोगलाय.

आता मुद्द्याचं. पडदा गेला, पण किडनीचं झालेलं नुकसान भरून आलं नाही. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्या आईच्या पोटात छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात, त्यानंतर नवीन एकही होत नाही. तुझ्या किडन्या घडतानाच दाबाखाली होत्या, त्यामुळे तुझ्याकडे मुळातच कमी आहेत. ज्या आहेत त्या जास्तीचं काम ओढतात. वर्षानुवर्षं ओढून त्या थकतात, लघवीतून प्रथिनं गळू लागतात, बीपी वाढतं, आणि वाढलेलं बीपी उरलेल्या गाळण्यांना आणखी मारतं. दुखत नाही. काहीच जाणवत नाही. हे मी पुन्हा लिहितो कारण तू "मला काही होत नाही बाबा" म्हणतोस आणि तुझं खरंच असतं, तरीही ते पुरत नाही.

फाईलमध्ये पहिल्या पानावर मी लाल पेनानं ०.९ लिहिलंय. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा. पहिल्या वर्षात तुझं क्रिएटिनिन सगळ्यात खाली आलं तो हा आकडा. ०.८ च्या आत उतरलं असतं तर डॉक्टर निर्धास्त झाले असते. एकच्या वर राहिलं असतं तर तेव्हाच घाबरले असते. तू मधला.

आणि आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. तू सहा वर्षांचा असताना एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं, आता सगळं छान आहे, काही त्रास झाला तरच या. आम्हाला तेच ऐकायचं होतं. रजा टाकून, दिवसाचा पगार बुडवून जायचं चुकलं म्हणून मला बरंच वाटलं. सहा वर्षं आपण कुठेच गेलो नाही. तू रात्री अंथरूण ओलं करायचास. आम्ही तुला रागावलो. संध्याकाळचं पाणी तोडलं. एकदा मी हातसुद्धा उगारला. पोरा, तुझ्या किडन्यांना लघवी दाट करता येत नव्हती, म्हणून ती भरपूर व्हायची, आणि पिशवीला भरल्याची जाणीव उशिरा व्हायची. तुझा आळस नव्हता, हट्ट नव्हता. मला माफ कर.

सातवीत शाळेत तपासणीची गाडी आली. त्यातल्या डॉक्टरबाईंनी तुझं बीपी तीनदा मोजलं आणि मला बोलावून घेतलं. १५० वर १००. बारा वर्षांच्या पोराचं. त्यांनी विचारलं, "लहानपणी काही ऑपरेशन?" त्या एका प्रश्नानं गाडी पुन्हा रुळावर आली. वयात येताना शरीर झपाट्यानं वाढतं आणि किडनी तेवढीच राहते, म्हणून नेमकं याच वयात बिघडतं, हे मला तेव्हा कळलं. तेव्हापासून तुझी रोजची गोळी चालू आहे. ती बीपीही उतरवते आणि प्रथिनांची गळतीही कमी करते. आता क्रिएटिनिन १.३ आहे. काही मुलांना या आजारात विशी-तिशीतच डायलिसिस लागतं, किडनी बदलावी लागते. तुला लागेलच असं कुणी म्हटलेलं नाही. लागणारच नाही असंही नाही.

त्यानंतर ओपीडीच्या बाकावर आपण किती बसलो! तू मोबाईल बघायचास, मी माणसं बघायचो. निपाणीची एक बाई आठवते, तिची मुलगी जन्मतः निळी पडायची. हृदयाचं ऑपरेशन होऊन पोरगी कबड्डी खेळायला लागली, आणि आता विशीत तिची झडप गळतेय, म्हणून पुन्हा ऑपरेशन सांगितलं होतं. खानापूरकडच्या एकाचा मुलगा फाटलेल्या ओठ-टाळूचा. ओठ इतका सुंदर शिवला होता की कळायचं नाही, पण कानात सारखं पाणी साठून ऐकू कमी यायचं आणि मास्तर त्याला ढ समजायचे. पाठीच्या कण्यात दोष असलेली एक छोटी मुलगी होती, तिच्या आईनं रबरी हातमोज्यांची ॲलर्जी आहे असं फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. आजार वेगवेगळे, पण सगळ्यांना एकदा कुणीतरी "झालं आता" असं सांगितलेलं. त्या बाकावर मला दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्यांपेक्षा जास्त कळलं.

तू पुण्यात काय करायचंस ते आता सांगतो. दर तीन तासांनी लघवीला जायचं, लागो न लागो. लेक्चर चालू असलं तरी उठायचं. एकदा झालं की दोन मिनिटं थांबून पुन्हा करायची, पिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. ती तुंबून राहिली तर तेच जुनं प्रेशर पुन्हा मागे जातं. रात्री तीनचा गजर बंद करायचा नाही. खोलीतल्या पोरांना काय सांगायचं ते तू ठरव, पण गजर लाव. सारखं जावं लागतं म्हणून पाणी कमी प्यायचं नाही. उलट्या-जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तुझं शरीर इतरांपेक्षा लवकर कोरडं पडतं.

डोकं दुखलं, पाय मुरगळला म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी घ्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किडनीला मारतात. पॅरासिटामॉल चालते. जिममध्ये कुणी पावडर देईल, गावाकडून कुणी भस्म-काढा पाठवेल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. कसलंही डाय घालून स्कॅन करायचं म्हणाले तर आधी किडनीचं सांगायचं. बीपीचं मशीन बॅगेच्या खालच्या कप्प्यात आहे. दर रविवारी सकाळी मोज आणि वहीत लिही. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी. वर्षातून एकदा सोनोग्राफी, लघवी करून झाल्यावर किती उरते तेही बघायला सांग.

फाईलमधले जुने कागद काही इंग्रजीत, लसीचं कार्ड कानडीत. पुण्यात ते कोण वाचणार? म्हणून मी सगळं साल घालून मराठीत एका पानावर उतरवलंय, आणि कारखान्यातल्या एका मुलाकडून इंग्रजीतही टाईप करून घेतलंय. ते पान सगळ्यात वर आहे. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेव.

अजून एक. पुढे लग्नाचं बघायची वेळ येईल. आज्जी म्हणेल, कशाला सांगायचं, ऑपरेशन तर तान्हेपणी झालं. आपण सांगायचं. ज्या मुलीशी तू संसार करणार तिला फाईल उघडून दाखवायची. त्याआधी मूल होण्याबाबत तुझे काही प्रश्न असतील तर युरॉलॉजिस्टना, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या डॉक्टरांना, सरळ विचार. मला विचारायला लाजशील, मीही लाजेन, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

इथे रोपलावण आटोपली. राजहंसगड दोन दिवस ढगात आहे, दिसतच नाही. तीनला मला अजून जाग येते. तुझ्या खोलीपर्यंत जातो आणि मग आठवतं.

आज्जीनं तुझ्यासाठी आंब्याच्या लोणच्याची बरणी भरून बॅगेत घातली होती. मीठ फार, म्हणून स्टँडला निघायच्या आधी मी ती काढून ठेवली. तिला काल कळलं. माझ्याशी बोलत नाही. तिला एक फोन कर, आणि लोणचं तूच नको म्हणालास असं सांग.

तुझा,
बाबा