हा बाजार कुणी मांडला?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "लोक बघत नाहीत म्हणून बायकांच्या खेळात पैसा नाही, यात अन्याय कसला, हा बाजार आहे," हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलं नाही.

२६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा फुटबॉल सामना झाला. मदतनिधीसाठी. ५३,००० माणसं आत आणि जागा न मिळालेली हजारो बाहेर. लोक बघत होते, मित्रा! पुरतं वर्षही उलटलं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की हा खेळ बायकांसाठी योग्य नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. तेवढ्या काळात पुरुषांच्या फुटबॉलला मैदानं, प्रशिक्षक, रेडिओ, टीव्ही, जाहिराती सगळं मिळत गेलं. आणि आता बायकांना विचारायचं, तुमचे प्रेक्षक कुठे आहेत? मला याचा खरोखर संताप येतो.

१९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची लिना राडके ८०० मीटरची शर्यत विश्वविक्रम करून जिंकली. पण वर्तमानपत्रांनी रंगवून छापलं ते काय, तर धावून दमलेल्या बायका कशा कोसळल्या ते. बायकांची ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये परतली थेट १९६०मध्ये. पुरुषही धावून कोसळतात. त्यांची शर्यत कुणी काढून घेतली नाही.

सिनेमातही तेच. आपल्याकडे अनेक दशकं मेकअप कलाकारांच्या संघटनेचा नियम होता की बायकांनी केशरचना करावी, मेकअप पुरुषच करतील. मेकअप कलाकार चारू खुराना कोर्टात गेली, तेव्हा कुठे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. यात मागणी-पुरवठा कुठे आला?

आणि मोबदल्याचं म्हणशील तर २०१७ची गोष्ट घे. एका हॉलिवूडपटातली काही दृश्यं पुन्हा चित्रित करायची होती. त्यातला अभिनेता मार्क वॉलबर्ग याला त्या कामाचे १५ लाख डॉलर मिळाले, सहअभिनेत्री मिशेल विल्यम्सला भत्ता धरून १,००० डॉलरसुद्धा नाहीत. तू म्हणशील, त्यानं मागितले, तिनं मागितले नाहीत. अरे, त्या चित्रीकरणाला सगळे कलाकार फुकट आले असं दिग्दर्शकानंच जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं! घासाघीस करायची तर समोरच्याचा भाव निदान कळायला हवा.

वयाचं तर बोलायलाच नको. हॉलिवूडची अभिनेत्री मॅगी जिलेनहाल ३७ वर्षांची असताना तिला सांगण्यात आलं, ५५ वर्षांच्या नायकाची प्रेयसी शोभण्याइतकी तू तरुण नाहीस.

तू न्यायी माणूस आहेस, म्हणून तर एवढं लिहितेय. पुढच्या पत्रात बाजाराचा मुद्दा पुन्हा जरूर मांड, पण गुडिसन पार्कच्या त्या ५३,००० माणसांचं काय झालं, हे आधी लिही. वाट बघते.

तुझी मैत्रीण